एचटीबीटी कापसाच्या मागणीच्या निवेदनावर सही करावी का?

कोरडवाहू_वणी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या शेतकरी गटात सध्या एक निवेदन सह्यांसाठी फिरत आहे. तणनाशक सहन करणाऱ्या बीटी (बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या) कापसाच्या, म्हणजे एचटीबीटीच्या, लागवडीला कायदेशीर परवानगी द्यावी, जनुकीय पिकांच्या शेतावरील चाचण्या राज्याने अडवू नयेत आणि कोणते तंत्रज्ञान वापरायचे हे शेतकऱ्याला ठरवू द्यावे, अशा तीन मागण्या त्यात आहेत. गटातील बहुतेकांनी सही केली आहे. मी अजून केलेली नाही, आणि त्यामागे विरोधापेक्षा गोंधळ अधिक आहे.

माझी शेती पूर्ण कोरडवाहू आहे. कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असते आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी तीच तूर घर सांभाळते. श्रावणात झड लागली की वाफसा येत नाही, डवरे चालत नाहीत, निंदणाला बाया मिळत नाहीत आणि तण कापसाच्या वर जाते, हे खरे. आमच्या भागात पुष्कळ कास्तकार विनापावतीचे एचटीबीटी बियाणे लावतात, हेही उघड गुपित आहे. पण बीटी कापसाने बोंडअळीची चिंता मिटेल, असे वीस वर्षांपूर्वी ज्या खात्रीने सांगितले जात होते, तीच खात्री आता तणाबाबत ऐकू येते, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने उत्तरार्धातील वेचण्या कशा खाल्ल्या हे आम्ही विसरलेलो नाही.

शेतकऱ्यांचीच संघटना ही मागणी इतक्या आग्रहाने का करते, तुरीच्या ओळी असलेल्या माझ्यासारख्याला त्याचा उपयोग किती, आणि निवेदनात आणखी काही असायला हवे का, हे जाणकारांनी सांगावे.

---

अकोटचा_जुना_कार्यकर्ता

भाऊ, सही करण्यापूर्वी विचारलेत हे चांगले केले. ही मागणी कोठून आली ते आधी सांगतो, कारण ती कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या तोंडी घातली आहे असा समज शहरात फार पसरलेला आहे.

२००१ साली गुजरातमध्ये बोंडअळीने कापूस फस्त केला, तेव्हा नवभारत १५१ या वाणाची शेते मात्र उभी राहिली. चौकशीत त्या वाणात बीटी जनुक असल्याचे निघाले आणि जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने ते उभे पीक उपटून जाळण्याचा आदेश दिला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने त्या आदेशाला जाहीर विरोध केला. ज्या झाडाने पहिल्यांदा फवारणीचा खर्च वाचवला ते झाड जाळायला निघालेले सरकार शेतकऱ्याचे हित कशात पाहते, असा तो सवाल होता. पुढे काही महिन्यांतच, २६ मार्च २००२ रोजी, त्याच समितीने महिको-मोन्सँटो या बियाणे कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. देशाचे कापूस उत्पादन २००१-०२ मध्ये १५८ लाख गाठी होते, ते २०१३-१४ पर्यंत ३९८ लाख गाठींवर गेले. या वाढीचे सगळे श्रेय एका जनुकाला देता येणार नाही. गुजरातमधील सिंचन, चांगले संकरित वाण आणि वाढलेले क्षेत्र यांचाही त्यात वाटा आहे. तरीही शेतकऱ्याने ते बियाणे कोणाच्या सक्तीने घेतले नव्हते, पाहून घेतले होते.

त्यानंतर दरवाजा बंद झाला. बीटी वांग्याला २००९ मध्ये समितीने हिरवा कंदील दिला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली, जी आजही उठलेली नाही. तेच वांगे बांगलादेशातील शेतकरी २०१४ पासून लावत आहेत. २०११ पासून शेतावरील चाचणीलाही राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागू लागले आणि चाचण्या जवळपास थांबल्या. एचटीबीटीच्या परवानगीचा अर्ज २०१६ मध्ये कंपनीने स्वतःच मागे घेतली. २०१९ मध्ये हरियाणातील फतेहाबाद जिल्ह्यात एका शेतकऱ्याचे बीटी वांग्याचे पीक नष्ट करण्यात आले, आणि त्यानंतर १० जून २०१९ रोजी आमच्या अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एचटीबीटी कापूस आणि बीटी वांगे उघडपणे लावले. त्या वेळच्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार अशा लागवडीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. हे ठाऊक असूनही लोक आले, आणि पुढे गुन्हेही दाखल झाले. शेतकरी कर्जमाफीसाठी किंवा भावासाठी रस्त्यावर येतो, हे देशाने पाहिले होते. बियाण्यातील तंत्रज्ञान मागण्यासाठी कायदा मोडायला येतो, हे नवीन होते.

आणखी एक गोष्ट मनात ठेवा. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने १२ लाख टन जनुकीय सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली आणि आमच्या सोयाबीनचा भाव हंगामाच्या तोंडावर कोसळला. २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांसाठी रद्द केले. ब्राझील आणि अमेरिकेतून येणारा तो कापूस बहुतांशी तणनाशक सहन करणाऱ्या वाणांचाच असतो. त्यांनी पिकवलेले चालते, आम्ही पिकवले की गुन्हा, हा न्याय मला आजवर कोणी समजावून दिलेला नाही. सरकीचे तेल आणि ढेप यांच्या रूपाने बीटी तर २००२ पासून आपल्या स्वयंपाकघरात आणि गोठ्यात आहेच.

माझ्या मते सही करावी.

---

कीटकशास्त्र_अभ्यासक

वरील इतिहास बरोबर आहे आणि आयातीचा मुद्दाही रास्त आहे. मात्र प्रश्नकर्त्याने २०१७ चा जो उल्लेख केला, त्याला या प्रतिसादात उत्तर मिळालेले नाही, आणि निवेदनाची खरी कसोटी तेथेच लागते.

गुलाबी बोंडअळी बीटीला का पुरून उरली, याची कारणे आता बरीच स्पष्ट आहेत. पहिल्या बीटीतील क्राय१एसी या प्रथिनाला गुजरातमधील गुलाबी अळी दाद देत नसल्याचे २०१० मध्येच मोन्सँटो कंपनीने मान्य केले होते. २००६ पासून आलेल्या बोलगार्ड-२ या पुढच्या बीटी कापसामध्ये क्राय२एबी हे दुसरे प्रथिन होते, पण दशकभरात तेही गुलाबी अळीपुढे निष्प्रभ ठरले. बीटीसोबत पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र साध्या कापसाचे लावायचे, म्हणजे तेथे वाढणाऱ्या अळ्यांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही आणि त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करून ती शक्ती पातळ करतात, अशी योजना होती. पाकिटासोबत मिळणारी साध्या बियाण्याची छोटी पुडी प्रत्यक्षात बांधावर नाही तर उकिरड्यावर गेली. त्यात आपले संकरित वाण सहा-सात महिन्यांचे, त्यांचा फुलोरा लांबत जाणारा, आणि पाणी असलेल्या ठिकाणी मार्चपर्यंत फरदड, म्हणजे जुनीच झाडे राखून पुन्हा कापूस, घेण्याची सवय. गुलाबी अळी जवळजवळ केवळ कापसावर जगते, आणि आपण तिला बाराही महिने जेवण वाढले.

याच अळीचे अमेरिकेत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तेथे बीटी कापूस, वंध्य नर पतंग सोडणे, कामगंध सापळे आणि पीक वेळेत काढून पऱ्हाट्या नष्ट करणे हे सर्व एकत्र, सर्व शेतकऱ्यांनी एकाच वेळी केले आणि २०१८ मध्ये त्यांच्या कृषी खात्याने गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. अळी तीच होती आणि जनुकही तेच होते. आपल्याकडे शिस्त मात्र तशी नव्हती.

तणनाशकाचे तंत्रज्ञानही याच वाटेने जाऊ शकते. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतीतील एक विकर (एन्झाइम) अडवते. एचटीबीटीत जीवाणूपासून घेतलेले असे जनुक असते की त्याने तयार होणाऱ्या विकरावर ग्लायफोसेटचा परिणाम होत नाही. तंत्र सुबक आहे. पण सलग क्षेत्रावर वर्षानुवर्षे एकच तणनाशक मारले तर प्रतिकारक तणांची निवड आपोआप होते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २००५ पर्यंत माठाच्या कुळातील एक तण ग्लायफोसेटला जुमानेनासे झाल्याचे सिद्ध झाले, आणि तेथील कापूस उत्पादकांना पुन्हा हातात विळे घ्यावे लागले.

तुरीच्या ओळीबद्दल तर सरळच सांगतो. ग्लायफोसेटला तूर, मूग, उडीद आणि तण यांतील फरक कळत नाही. पंपाला हूड लावून, वारा पडलेला असताना, ओळींच्या मधेच फवारले तर तूर वाचते. पण घाईच्या दिवसांत मजुराकडून हे नेमके होईल यावर मी पीक पणाला लावणार नाही. आज जे कास्तकार एचटीबीटी लावतात, त्यांच्यापैकी अनेकांनी आंतरपीक बंद केले आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्यासाठी हा खर्च पाकिटावर छापलेला नसतो.

तंत्रज्ञानाची मागणी शेतकऱ्यांनी करावी, याला माझा पाठिंबाच आहे. मात्र या निवेदनात केवळ परवानगी मागितली आहे, परवानगीनंतरच्या जबाबदारीविषयी एक ओळही नाही.

---

कृषी_केंद्र_चालक

दुकानदाराच्या बाजूने थोडक्यात लिहितो. २०२५ च्या हंगामासाठी बोलगार्ड-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरवलेली होती. विनापावतीचे पाकीट त्याहून महाग विकले जाते, त्यावर कोणत्याही खऱ्या कंपनीचा पत्ता नसतो आणि आत कोणता संकर आहे, त्यात बीटीची प्रथिने तरी आहेत की नाहीत, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. उगवण झाली नाही तर गिऱ्हाईक कोणाकडे जाणार? परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात निरीक्षक नमुने घ्यायला येतात, आणि मोटारसायकलवरून पिशवीत पाकिटे विकणाऱ्याला मात्र हंगाम संपेपर्यंत कोणी गाठत नाही. बंदीने हे बियाणे थांबलेले नाही, फक्त पावती गेली, एवढे मी माझ्या गल्ल्यावर बसून सांगू शकतो.

---

सुनंदा_हिंगणघाट

पावतीचा मुद्दा वाचून लिहावेसे वाटले, कारण २०१७ मध्ये आमच्याकडे नुकसानभरपाईसाठी अर्ज भरताना पावतीचे महत्त्व सगळ्यांनाच कळले. महाराष्ट्र कापूस बियाणे अधिनियम २००९ प्रमाणे ‘जी’ नमुन्यात तक्रार द्यायची, सोबत बियाण्याची पावती आणि पाकीट जोडायचे, मग तालुका समितीने शेताची पाहणी करून अहवाल द्यायचा, अशी पद्धत होती. ज्यांच्याकडे पावती होती त्यांनाही हेलपाटे चुकले नाहीत, पण निदान त्यांना दार ठोठावता आले. बियाणे सदोष निघाल्यास शेतकरी ग्राहक मंचात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात २०१२ साली स्पष्ट केले आहे. चोरून घेतलेल्या बियाण्याचा ग्राहक मात्र कोणत्याच मंचात उभा राहू शकत नाही. म्हणून कायदेशीर परवानगीच्या मागणीकडे मी आधी या बाजूने पाहते, उत्पादनवाढीच्या बाजूने नंतर.

आता ज्या गोष्टीबद्दल येथे कोणी लिहिले नाही त्याबद्दल. ‘निंदणाला बाया मिळत नाहीत’ हे वाक्य प्रत्येक चर्चेत येते. त्या बाया म्हणजे आम्हीच आहोत. माझी स्वतःची थोडी शेती आहे आणि निंदणाच्या दिवसांत मी दुसऱ्यांच्या शेतातही जाते. चिखलात वाकून दिवसभर निंदण करण्यात कोणालाही आनंद नाही, तेव्हा ते काम राहिलेच पाहिजे असे मी म्हणणार नाही. पण आषाढ-श्रावणात, जेव्हा घरातले धान्य संपत आलेले असते, तेव्हा हातात रोख पैसा देणारे ते एकच काम असते. वेचणीची मजुरी दिवाळीच्या आसपास येते. मधल्या दोन महिन्यांचे काय, हा प्रश्न निवेदन लिहिणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यात तणनाशकाचा दोष नव्हता, हे मला माहीत आहे. तरी उघड्या अंगाने, तोंडाला साधा रुमाल बांधून, गळका पंप पाठीवर घेऊन फवारणारा माणूस तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. अनेक देशांच्या नियामक संस्था या निष्कर्षाशी सहमत नाहीत, आणि तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. मात्र आपल्याकडे ग्लायफोसेटची अधिकृत शिफारस चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी आहे, म्हणजे कापसात ते मारणारा प्रत्येक जण आज शिफारशीबाहेर मारतो आहे. एचटीबीटीला परवानगी मागायची असेल तर त्यासोबत तणनाशकाची कापसातील मात्रा, वेळ आणि फवारणाऱ्याची सुरक्षा साधनेही तपासून ठरवून घ्यावी लागतील, आणि ती साधने बियाण्याच्या कंपनीने पाकिटासोबत द्यावीत, असे मला वाटते.

---

अकोटचा_जुना_कार्यकर्ता

सुनंदाताईंचा मजुरीचा मुद्दा मी सहज बाजूला सारणार नाही. पण ताई, निंदणाची मजुरी देणारा कास्तकारच कापूस सोडून सोयाबीनकडे वळला तर निंदणही जाते आणि वेचणीही जाते, आणि सोयाबीनची कापणी-मळणी यंत्राने होते. कापूस टिकला तरच वेचणीचे काम टिकेल.

अभ्यासकांना माझे म्हणणे असे की, शिस्त शेतकऱ्याने पाळली नाही हे अर्धेच चित्र आहे. बीटी आपल्याकडे जवळजवळ फक्त संकरित वाणांतच का आले? जगात बहुतेक ठिकाणी ते सरळ (संकरित नसलेल्या) वाणांत आहे, तेथे कमी कालावधीची झाडे दाट लावून कापूस लवकर मोकळा करतात, त्यामुळे अळीची साखळी तुटते. आपल्याकडे दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागेल अशीच व्यवस्था राहिली. सरकारी संस्थांनी बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी आणले होते, ज्याचे बियाणे घरी राखता आले असते, परंतु त्यात खासगी कंपनीचे जनुक आढळल्याने २००९ मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली. आता नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ सरळ वाण आणि सघन लागवड यांवर काम करत आहेत, पण मधली वर्षे वाया गेली. एका कंपनीच्या हाती तंत्रज्ञान राहिले याचे कारण तंत्रज्ञानाला असलेला विरोधच होय, कारण परवानगीची वाट इतकी लांब आणि खर्चिक झाली की लहान कंपनी आणि सरकारी विद्यापीठ तीत टिकूच शकत नाहीत.

---

कीटकशास्त्र_अभ्यासक

शेवटच्या वाक्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. दिल्ली विद्यापीठात सार्वजनिक पैशातून तयार झालेल्या डीएमएच-११ या जनुकीय मोहरीला २०२२ मध्ये पर्यावरणीय परवानगी मिळाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायाधीशांचे निकाल परस्परांविरुद्ध आले. सार्वजनिक संशोधनाची ही अवस्था पाहून कोणता विद्यार्थी या क्षेत्रात येईल? त्या मानाने जनुकीय संपादनाचा मार्ग सुकर झाला आहे. बाहेरचे जनुक न घालता केलेल्या बदलांना २०२२ मध्ये त्या कडक नियमांतून सूट मिळाली आणि मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने भाताचे असे दोन वाण जाहीरही केले. निवेदन लिहिणाऱ्यांनी कापसाच्या सरळ, लवकर येणाऱ्या वाणांसाठी हा मार्ग मागितला असता तर मला अधिक आवडले असते, कारण एचटीबीटी हे जगाच्या दृष्टीने तीन दशकांपूर्वीचे तंत्रज्ञान आहे.

---

कोरडवाहू_वणी

सर्वांचे आभार. गटाच्या बैठकीत मी निवेदनाच्या मसुद्यात पुढील बदल सुचवणार आहे. परवानगीच्या मागणीसोबत ‘प्रत्येक पाकिटाची पावती आणि बियाणे अधिनियमाखाली भरपाईचा हक्क’ हे शब्द यावेत. चाचण्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर तर व्हाव्यातच, पण कापूस आणि तूर यांच्या मिश्र पिकातही व्हाव्यात, कारण आमची शेती तशीच आहे आणि केवळ सलग कापसातील निष्कर्ष आमच्या कामाचे नाहीत. तणनाशकाची शिफारस आणि सुरक्षा साधने यांविषयी सुनंदाताईंनी लिहिलेला परिच्छेद जवळपास तसाच घेतो. सरळ वाणांची मागणी स्वतंत्र चौथी मागणी म्हणून यावी. निंदणाच्या मजुरीबाबत काय लिहावे ते मात्र मला सुचलेले नाही; गटात मजुरी करणाऱ्या दोन-तीन जणी आहेत, त्यांनाच बैठकीत बोलायला सांगतो.

हे बदल मान्य झाले तर सही करीन. झाले नाहीत तर माझे वेगळे पत्र जोडावे, अशी विनंती करीन.

---

अकोटचा_जुना_कार्यकर्ता

भाऊ, मिश्र पिकातील चाचणीची मागणी आमच्या निवेदनांत असायला हवी होती. एका मुद्द्यावर मात्र मतभेद नोंदवतो. सुरक्षा साधने कंपनीने पाकिटासोबत द्यावीत असे लिहिलेत तर त्यांचा खर्च पाकिटाच्या किमतीत चढेल, आणि ती किंमत तुम्हीच मोजाल. त्याऐवजी कृषी विभागाने ती अनुदानावर द्यावीत असे लिहावे.

---

सुनंदा_हिंगणघाट

अनुदानावरचे साहित्य फवारणीचा हंगाम संपल्यावर गावात पोहोचते, काका. पाकिटासोबतच असू द्या.